जुने ब्रुटलिस्ट फर्निचर मुंबईत घेताना: आधी लिफ्टचे दार मोजा, मग खुर्ची उलटी करा

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका शनिवारी तीन हमाल, आमचा वॉचमन आणि मी असे पाचजण मुलुंडच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधल्या वळणावर उभे होतो आणि आमच्यामध्ये सागवानाचा तीन आसनी सोफा तिरका अडकून बसला होता. लिफ्टमध्ये तो जात नाही हे तळमजल्यावर कळले होते आणि जिन्यात तो वळत नाही हे वर आल्यावर कळले. सोफ्याचे माप मी दुकानात नीट घेतले होते, पण लिफ्टच्या दाराचे आणि जिन्याच्या वळणाचे घेतले नव्हते. अर्धा तास खटपट झाल्यावर त्यांतला वयस्कर हमाल खाली वाकला, त्याने सोफ्याच्या पोटाखाली हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हातोडी आणा. हा सुटतो." दोन्ही बाजूंच्या हातांना लाकडी पाचरा मारलेल्या होत्या. दहा मिनिटांत सोफ्याचे चार भाग झाले आणि ते एकेक करून वर गेले. त्या सोफ्यासाठी मी चांगली रक्कम मोजली होती, पण त्याचा तळ मात्र तोवर एकदाही पाहिला नव्हता.

त्यानंतर मी दोन खुर्च्या आणि एक बाक घेतला, त्यांतली एक खुर्ची स्वतःच्या अज्ञानाने बिघडवलीही. भरीव लाकूड आणि चामडे यांचे हे जुने, जाडजूड फर्निचर पहिल्यांदाच घेणाऱ्याला निदान माझ्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, यासाठी हा क्रम लिहीत आहे.

१. आपण नेमके काय शोधतो आहोत ते समजून घ्या

ब्रुटलिस्ट या शब्दाचा क्रौर्याशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'बेतों ब्रूत' म्हणजे कच्चे, गिलावा न केलेले काँक्रीट. शटरिंगच्या फळ्यांचे वळ तसेच दिसू देणारे असे काँक्रीट वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५२ साली पूर्ण झालेल्या मार्सेच्या निवासी इमारतीत आणि पुढे आपल्या चंडीगढमध्ये वापरले. तोच विचार फर्निचरमध्ये आला, तेव्हा जाड चौकोनी ओंडके, उघडे ठेवलेले सांधे, रंध्याचे किंवा तासणीचे वळ आणि जाड चामड्याचे पट्टे असे त्याचे रूप झाले. १९५० ते १९७० या दशकांत युरोपात ते बहुधा ओकमध्ये आणि ब्राझीलमध्ये तिथल्या शिसवीच्या जातीच्या लाकडात घडवले गेले.

दोन नमुन्यांची छायाचित्रे अवश्य पाहून ठेवा, कारण त्यांवरून डोळा तयार होतो. पहिला नमुना म्हणजे ब्राझीलच्या सर्जिओ रॉड्रिगेस यांची १९५७ची 'मोले' ही बैठक, जिच्यात जाड लाकडी सांगाड्यावर चामड्याचे पट्टे ताणलेले असतात आणि त्यांवर चामड्याची गुबगुबीत गादी लोळत असते. तिला १९६१ साली इटलीतल्या कांतू येथील स्पर्धेत पारितोषिक मिळाले. दुसरी डेन्मार्कच्या बॉर्ग मोगेनसेन यांची १९५८ची 'स्पॅनिश चेअर'. तिला कोणी ब्रुटलिस्ट म्हणेल, कोणी म्हणणार नाही, पण तिचा ओकचा सांगाडा आणि खोगिराचे जाड चामडे पाहण्यासारखे आहे. वापराने चामडे सैल पडणारच हे गृहीत धरून तिच्या बैठकीखाली बकले लावलेली आहेत, जी घट्ट करता येतात. माझ्या मते या सगळ्या प्रकाराचे मर्म त्या बकलांत आहे. वस्तू दिसायला रांगडी असते, पण तिच्यामागचा हिशेब अतिशय नाजूक असतो. ओबडधोबड दिसणे आणि ओबडधोबड काम असणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि मुंबईच्या बाजारात दुसऱ्या प्रकारचा माल पहिल्याच्या भावात मिळतो.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी बांधून ठेवावी. मुंबईत तुमच्या हाती येणारी जुनी वस्तू बहुतेक वेळा युरोपातली किंवा ब्राझीलची नसते. ती इथल्याच सुतारांनी एखाद्या कंपनीच्या कचेरीसाठी, क्लबसाठी किंवा सुखवस्तू घरासाठी सागवानात केलेली असते. तिच्यावर कोणाचे नाव नसते आणि त्यात काही कमीपणाही नाही. उलट अशा मालाला नावाची किंमत मोजावी लागत नाही.

२. घराची मापे घ्या, तीही कागदावर

बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी पाच मापे लिहून घ्या: लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची खोली, लिफ्टच्या आतल्या एका कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप, जिन्याच्या वळणावरची सर्वांत अरुंद जागा आणि सेफ्टी डोअर पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी रुंदी. आमच्या लिफ्टचे दार ७० सेंटिमीटर भरते. सोफ्याची सर्वांत कमी बाजू ८२ सेंटिमीटर होती, त्यामुळे वाद घालण्यासारखे काही उरलेच नव्हते.

वजनाचाही अंदाज हवा. वाळलेले सागवान घनफुटाला साधारण १८ ते १९ किलो भरते आणि शिसवी २३ ते २४ किलोच्या आसपास जाते. तीन आसनी सोफ्यात तीन घनफूट लाकूड सहज असते, म्हणजे चामडे आणि गाद्या धरण्यापूर्वीच तो ५५ किलोंचा झाला. घरातली दोन माणसे तो सरकवतील, पण उचलून चार मजले नेऊ शकणार नाहीत.

३. कुठे शोधावे

जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार ही पहिली जागा. राम मंदिर स्थानकावरून तो जवळ पडतो. इथे पाडलेल्या वाड्यांचे आणि इमारतींचे जुने सागवान, त्याच सागवानातून नव्याने घडवलेले फर्निचर आणि खरोखरीचे जुने फर्निचर या तीनही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या असतात. "जुन्या लाकडाचे" आणि "जुने" हे दोन शब्द विक्रेता सहज अदलाबदल करून वापरतो, म्हणून लाकूड जुने की खुर्ची जुनी, असा प्रश्न स्पष्ट विचारावा.

दुसरी जागा चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथली बहुतेक दुकाने शुक्रवारी बंद असतात. गल्लीत मोठ्या वस्तू कमी आणि छोट्या जास्त दिसतात, परंतु मोठा माल बऱ्याचदा गोदामात असतो आणि तो दाखवा म्हटल्याशिवाय कोणी दाखवत नाही. तिसरा मार्ग म्हणजे घरे आणि कचेऱ्या रिकाम्या होतात तेव्हाची थेट विक्री. इमारत पुनर्विकासाला गेली की असा माल बाहेर पडतो, आणि माझा बाक मला असाच, फोर्टमधल्या एका बंद होत असलेल्या कचेरीतून मिळाला. लिलावगृहांचा मार्गही आहे, पण तिथे बोलीच्या रकमेवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते शुल्क, आणि कर चढतो हे धरूनच बोली लावावी.

परदेशी संकेतस्थळावर आवडलेली खुर्ची थेट मागवण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. आपल्या परकीय व्यापार धोरणानुसार वापरलेल्या, भांडवली नसलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे आणि तिला परवाना लागतो. शिवाय ब्राझीलची शिसवी १९९२पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिची सीमेपलीकडची ने-आण अत्यंत कडक नियमांखाली येते.

४. खुर्ची उलटी करा

जायचे ते दिवसा, उजेड असताना, आणि सोबत एवढे सामान घेऊन:

- मापाची टेप आणि घराच्या मापांचा कागद
- मोबाइलपेक्षा चांगला प्रकाश देणारी लहान बॅटरी
- दाभण किंवा जाड सुई
- पांढरा कोरा कागद
- स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा आणि थोडे पाणी

दुकानदाराला सांगून खुर्ची आडवी करून घ्या. तो कां-कूं करत असेल, तर तिथून निघावे हेच बरे. वरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, खालची बाजू सुताराने स्वतःसाठी ठेवलेली असते, आणि खरे वय तिथेच सापडते.

सर्वांत आधी लाकडाचे टोक पाहा. भरीव लाकडाच्या वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून वळून टोकाच्या वर्तुळांना जाऊन मिळतात. कडेला त्या अचानक तुटत असतील आणि टोकावर वेगळीच पट्टी चिकटवलेली असेल, तर आत प्लाय किंवा हलके लाकूड असून वर व्हिनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे. पाय तर खास तपासावेत, कारण चार पातळ फळ्या पेटीसारख्या जोडून जाड पाय केल्याचा आभास निर्माण करणे सोपे असते. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले की पोकळ आवाज लगेच कळतो.

मग सांधे पाहा. चांगल्या कामात एका लाकडात भोक पाडून दुसऱ्याचे कुसू त्यात बसवलेले असते आणि त्यातून आडवी लाकडी मेख किंवा पाचर मारलेली असते. मेखेच्या डोक्यावरून बोट फिरवा. जुन्या सांध्यात ती कणभर वर आलेली लागते, कारण लाकूड वर्षानुवर्षे आडव्या अंगाने आक्रसत जाते आणि मेख मात्र लांबीत तेवढी आक्रसत नाही. वरून नुसती गोल चकती चिकटवून मेखेचा देखावा केलेला असेल, तर ती अगदी सपाट लागते आणि सांध्याच्या दुसऱ्या बाजूला तिचे नामोनिशाण नसते. काळ्या रंगाचे, स्टार डोक्याचे ड्रायवॉल स्क्रू दिसले, तर एकतर दुरुस्ती अलीकडची आहे किंवा सगळी खुर्चीच अलीकडची आहे. दुरुस्ती असेल तर हरकत नाही, मात्र भाव त्याप्रमाणे खाली यायला हवा.

लाकडावरचे वळ हा मोठाच फसवणुकीचा विषय आहे. हाताने मारलेल्या तासणीचे घाव लाकडाच्या रेषा पाहून मारलेले असतात. जिथे गाठ येते तिथे ते दिशा बदलतात आणि आखूड होतात. यंत्रावर तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने काढलेले वळ सगळीकडे सारख्याच खोलीचे असतात आणि गाठीवरूनही बेदरकारपणे जातात. आंब्याच्या किंवा शिसमच्या लाकडाला मुद्दाम ठोकून, गडद रंगवून जुनेपणा आणलेला नवा माल बाजारात मुबलक आहे. त्यांतला काही चांगलाही असतो, पण तो नवा म्हणून, नव्याच्या भावात घ्यावा. उत्तरेकडचे शिसम आणि आपल्याकडची शिसवी ही दोन वेगळी लाकडे आहेत, हेही दुकानात ठामपणे बोलता यायला हवे.

किडीसाठी दाभण वापरा. सागवानाचा तपकिरी गाभा वाळवीला फारशी दाद देत नाही, परंतु त्याच्याभोवतीचा फिकट, पिवळसर थर तिला आवडतो आणि कंजूष सुताराने तो तळाच्या पट्ट्यांत वापरलेला असतो. तिथे दाभण सहज आत गेले, तर लाकूड पोखरलेले आहे. बारीक भोके दिसली, तर खुर्चीखाली कोरा कागद पसरून सांगाड्यावर चार थापा माराव्यात. कागदावर पिठासारखा ताजा, फिकट भुसा पडला, तर किडा अजून आत जिवंत आहे असे समजावे.

शेवटी चारही पाय टेकवून खुर्चीवर बसा आणि कर्णाच्या दिशेने अंग हलवा. किंचित आवाज चालतो. सांधा डोळ्यांदेखत उघडत-मिटत असेल, तर ती खुर्ची पूर्ण सोडवून पुन्हा बांधावी लागणार आहे.

५. चामडे ओळखा

रेक्झिन ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या कापलेल्या कडेला किंवा मागच्या बाजूला कापडाची वीण दिसते. खऱ्या चामड्याच्या मागे मऊ, केसाळ तंतू असतात. त्यातही झाडांच्या सालींनी व फळांनी कमावलेले चामडे आणि क्रोमने कमावलेले चामडे असा भेद आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. तुम्ही ती वापरली असेल, तर तो कडक, गडद होत जाणारा, पायाच्या ठशाने घडणारा पोत तुम्हाला ठाऊक आहेच. या फर्निचरच्या जाड पट्ट्यांचे चामडे त्याच कुळातले असते. अशा चामड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला, तर तो शोषला जाऊन डाग गडद होतो. वरून रंगाचा जाड थर दिलेल्या चामड्यावर थेंब तसाच उभा राहतो.

ओल्या सुती कापडाने पट्ट्याची खालची बाजू हलकेच पुसून पाहा. कापडावर विटकरी रंगाची भुकटी आली, तर सावध व्हा. हा जुन्या, सालींनी कमावलेल्या चामड्याचा क्षय आहे. हवेतल्या गंधकाच्या प्रदूषणाने चामडे आतून कुजते आणि ते कोणत्याही तेलाने पूर्ववत होत नाही. असे पट्टे बदलावेच लागतात. सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या धारावीच्या चामडे बाजारात जाड म्हशीचे चामडे मिळते आणि पट्टे कापून देणारे कारागीरही तिथेच भेटतात. जुना पट्टा फेकू नका, कारण लांबी आणि भोकांचे अंतर यांचा नमुना म्हणून तोच न्यायचा आहे. मात्र भाव ठरवताना नव्या चामड्याचा खर्च आधी विचारून घेतलेला असावा, कारण बऱ्याचदा तो सांगाड्याच्या किमतीच्या जवळपास जातो.

६. भाव, बिल आणि दंतकथा

दुकानात दोन शब्द ठरलेले असतात, 'अँटिक' आणि 'चंडीगढ'. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशी वस्तू पुरावस्तू ठरायला साधारणपणे निदान शंभर वर्षे जुनी असावी लागते, तेव्हा १९६५ची खुर्ची अँटिक नव्हे. चंडीगढचे म्हणून विकले जाणारे फर्निचर हा निराळाच प्रश्न आहे. वास्तुविशारद पिअर जानरे यांनी तिथल्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या सागवानी खुर्च्यांना परदेशी लिलावांत मोठे मोल आल्यावर केंद्र सरकारने २०११ साली अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला मज्जाव केला. मूळ खुर्च्यांवर खात्याची अक्षरे आणि क्रमांक रंगवलेले असत, पण ती अक्षरे कोणालाही रंगवता येतात. त्यामुळे नवख्याने असा माल मूळ म्हणून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहार ठरला की हे कागद जवळ ठेवा:

- लाकडाचे नाव, "वापरलेले" हा शब्द आणि मापे लिहिलेले दुकानाचे बिल
- तळ, सांधे आणि चामड्याची कड यांची दुकानातच काढलेली छायाचित्रे
- आगाऊ रकमेची पावती, आणि पोच घरात की इमारतीच्या फाटकापर्यंत, याचा त्यावर उल्लेख
- सोसायटीच्या कार्यालयातून सामान चढवण्याची वेळ विचारून घेतलेली लेखी परवानगी

बिलावर नुसते "वुडन सोफा" असे लिहिले, तर उद्या आत प्लाय निघाल्यावर तुम्हाला काहीच म्हणता येणार नाही.

७. घरी आणणे

जून ते सप्टेंबर टाळता आले तर टाळा. नाहीच जमले, तर बंद टेम्पो घ्या. चामड्याला प्लास्टिक थेट गुंडाळू नका, आधी जुनी चादर आणि मग प्लास्टिक. सुटणारे भाग दुकानातच सोडवून घ्या आणि प्रत्येक जोडावर खडूने आकडा टाका, कारण हाताने घडवलेल्या फर्निचरमध्ये डावा पाय उजवीकडे बसत नाही.

८. पॉलिशवाल्याच्या हाती देण्यापूर्वी

माझी पहिली खुर्ची मी एका कारखान्यात "जरा साफ करून द्या" एवढेच सांगून ठेवली. आठवड्याने ती परत आली, तेव्हा तासणीचे सगळे घाव मशीनने घासून गुळगुळीत केलेले होते आणि वर पीयूचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पॉलिशचा, चकचकीत थर होता. लग्नाच्या हॉलमध्ये वधूवरांसाठी मांडतात तशी ती दिसत होती. घासलेले लाकूड परत येत नाही, त्यामुळे ती खुर्ची आता बाल्कनीत आहे. चूक कारखान्याची म्हणावी, तर काय करू नये हे मीही सांगितले नव्हते.

म्हणून सूचना नेहमी नकाराच्या रूपात आणि लेखी द्यावी: घासपेपर मशीन नाही, पुट्टी नाही, रंग नाही, मेलामाइन नाही, पीयू नाही. साफसफाई बहुतेक वेळा घरीच होते. कोरड्या ब्रशने धूळ काढावी, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे, दोन दिवस वाळू द्यावे आणि मग मधमाशांच्या मेणाचे पॉलिश अगदी पातळ लावून तासाभराने सुती कापडाने चोळावे. लाकूड फारच कोरडे असेल, तर त्याआधी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्यावा आणि जास्तीचे तेल पंधरा मिनिटांत पुसून टाकावे. जाड राहिलेला तेलाचा थर मुंबईच्या दमट हवेत चिकट होतो आणि त्यावर बुरशी धरते. ज्या कापडाने हे तेल पुसले ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. ते पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवून मगच फेकावे.

९. पहिला पावसाळा

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. हवेतली आर्द्रता ८० टक्के असताना लाकडातले पाणी १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, तर एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत ते ९ ते १० टक्क्यांवर येते. या दोन टोकांमध्ये रोज हेलकावे खाल्ले, तर रुंद फळीला चीर पडते. एसीचा झोत थेट बसेल अशी जागा टाळावी आणि ओलसर भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे.

लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. पायाचे टोक म्हणजे लाकडाचे उघडे तोंड, आणि ते दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढते. सहा महिन्यांत तळाला काळी कड दिसू लागते. पायांना खालून वितळलेले मेण मुरवून नायलॉनचे जाड बुश बसवून घ्यावेत. ओक असेल, तर लोखंडी खिळ्याचे बुश टाळावेत, कारण ओकमधले टॅनिन आणि ओले लोखंड मिळून लाकूड काळे पडते.

चामड्यावर पांढरी बुरशी आली, तर घाबरू नका आणि घरात झटकूही नका. बाल्कनीत नेऊन कोरड्या ब्रशने काढा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, आधी लपलेल्या जागी रंग जात नाही ना हे पाहून, पिळलेल्या कापडाने पुसा आणि पंख्याखाली वाळू द्या. खोबरेल तेल लावण्याचा सल्ला तुम्हाला निदान तीन नातेवाईक देतील, तो ऐकू नका. त्याने डाग पडतात आणि कालांतराने वास येतो.

दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर, पट्टे एकदा तपासावेत. ओलाव्यात ते सैल पडलेले असतात आणि बैठक खाली गेलेली असते. बकल एका भोकाने पुढे घ्यावे. भोके संपली असतील, तर नवे भोक मोच्याकडून गोल पंचने पाडून घ्यावे, कारण खिळा ठोकून पाडलेल्या भोकाच्या कडेला चीर राहते आणि माणूस बसला की ती पट्टाभर फाटत जाते.